काळा दगड, खारं पाणी : विज्ञान मंडळाच्या प्रकल्प नोंदी

१८ जून

विज्ञान प्रदर्शनाचा विषय ठरला एकदाचा. समुद्राच्या तळाशी जे गरम पाण्याचे झरे असतात त्यांची केमिस्ट्री. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईची एनआयओटी (समुद्र तंत्रज्ञान संस्था) आणि गोव्याची एनसीपीओआर (ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) यांच्या टीमने दक्षिण हिंदी महासागरात साधारण ४५०० मीटर खोलीवर असा एक चालू झरा कॅमेऱ्यात पकडला, माणूस नसलेली पाणबुडी खाली सोडून. तो फोटो वर्गात दाखवला आणि अकरावीतल्या एकीने सरळ विचारलं, "मॅडम, पाणी साडेतीनशे डिग्रीला आहे तर त्याची वाफ का होत नाही?" झालं, पुढचा तास त्यातच गेला.

उत्तर दाबात आहे. दर १० मीटरला साधारण एक वातावरण एवढा दाब वाढतो, म्हणजे २५०० मीटरवर अडीचशे पट, आणि तेवढ्या दाबाखाली खारं पाणी ३८० अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळतच नाही. घरच्या कुकरची शिट्टी व्हायला येते तेव्हा आत जेवढा दाब असतो तेवढा समुद्रात नुसतं १० मीटर खाली गेलं की मिळतो. हे सांगितल्यावर मुलं जरा गप्प झाली, मग सगळी एकदम बोलायला लागली.

मला स्वतःला यात सगळ्यात जास्त ओढ वेगळ्याच गोष्टीची आहे आणि ती इथे लिहून ठेवते म्हणजे प्रकल्प भरकटणार नाही. ते झरे ज्या दगडातून येतात तो बहुतेक ठिकाणी बेसॉल्ट आहे. पांडवलेणी ज्यात कोरलीय तो दगड, ब्रह्मगिरीचा कडा, आपल्या विहिरींचा काळा पाषाण, सगळा बेसॉल्टच. आपला लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि जमिनीवर पसरलेला, तिकडचा समुद्राखाली आणि आजही तयार होतोय, बारीकसारीक फरक आहेतच, पण कूळ एक. निम्म्याच्या आसपास सिलिका, मग लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम. म्हणून नाशिकच्या मुलांनी हा विषय घेणं मला अजिबात लांबचं वाटत नाही.

२१ जून

खरेदी. हे काम एवढं सोपं होईल असं वाटलं नव्हतं, पण द्राक्षवाल्यांच्या गावात राहतो याचा फायदा! मोरचूद (कॉपर सल्फेट), हिराकस (फेरस सल्फेट), झिंक सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट सगळं पंचवटीतल्या एकाच कृषी सेवा केंद्रात मिळालं. दुकानदार दादा विचारतात, "ताई, बाग किती एकर?" त्यांना सांगितलं की बाग नाही, काचेच्या टाकीत समुद्रातली धुराडी (त्या झऱ्यांच्या तोंडाशी खनिजांच्या उभ्या नळ्या तयार होतात ना, त्या) उभी करायचीत, तर त्यांनी मोरचुदाचे चांगले मोठे खडे निवडून दिले आणि प्रदर्शन कधी आहे तेही विचारून घेतलं. सोडियम सिलिकेट मात्र तिथे नाही मिळत, ते सातपूरला, फाउंड्रीवाले वाळूचे साचे घट्ट करायला वापरतात ना, तिथल्या केमिकलच्या दुकानात कॅनमध्ये मिळालं. मधासारखं घट्ट असतं, चार पट पाणी घालून पातळ करायचं. हातमोजे आणि गॉगल सगळ्यांना सक्तीचे, सिलिकेट बऱ्यापैकी अल्कलाइन असतं आणि डोळ्यात गेलं तर खेळ नाही.

२५ जून

पहिली टाकी लावली. आधी नुसते खडे टाकून बघितले. हिराकसाचा खडा तळाला बसला, मिनिटभर काहीच नाही, आणि मग खड्याच्या कडेने हिरवट पापुद्रा फुगला, फुटला, फटीतून बारीक नळी वर निघाली, ती थांबली, पुन्हा टोकाला फुटली, पुन्हा वर. मोरचूद निळा, झिंक पांढरा. मुलं टाकीला नाक लावून उभी होती, मामांनी (आमच्या लॅबचे) सुद्धा हातातला झाडू बाजूला ठेवला.

होतं काय तर खडा विरघळायला लागतो, धातूचे आयन सिलिकेटला भेटतात आणि लगेच धातूच्या सिलिकेट-हायड्रॉक्साइडचा पातळ पडदा तयार होतो. पडद्याच्या आत मीठ जास्त, बाहेर त्या मानाने कमी, म्हणून पाणी आत घुसतं, दाब वाढतो, पडदा फाटतो, आतलं द्रावण बाहेर येतं आणि बाहेर आल्या आल्या पुन्हा नवा पडदा. आतलं द्रावण हलकं असल्यामुळे वाढ वरच्या दिशेने.

खड्यांपेक्षा खालून सिरिंजने द्रावण सोडलं तर ते खऱ्या झऱ्याच्या जास्त जवळ जातं. टाकीच्या तळाला भोक पाडून सलाइनची नळी बसवायची, सिलिकॉनने सील करायची. अकरावीतल्या दोघांनी हे काम घेतलंय, त्यातल्या एकाच्या वडिलांचं अंबडला वर्कशॉप आहे त्यामुळे काच भोक पाडून येईल.

२८ जून

सिरिंजवालं मॉडेल छान चाललं. हळू ढकललं तर सरळ उभी नळी, जोरात ढकललं तर नुसता गढूळ ढग. पण आज मुलांना एक गोष्ट ठासून सांगितली आणि ती टाकीवरच्या पाटीवर पण मोठ्या अक्षरात यायला हवी : खऱ्या धुराड्याची भिंत अशी सिलिकेटची नसते. तिथे सुरुवात होते कॅल्शियम सल्फेटने. आणि ही गंमत मला फार आवडते, कारण कॅल्शियम आणि सल्फेट दोन्ही समुद्राच्या पाण्यात आधीपासून असतात, निवांत विरघळलेले. झऱ्याच्या तोंडाशी हे थंड पाणी तापलं आणि साधारण १५० अंशांच्या वर गेलं की कॅल्शियम सल्फेट विरघळलेलं राहूच शकत नाही, अॅनहायड्राइट म्हणून बाहेर पडतं. ही झाली पहिली पांढरी भिंत. तिच्या आतून मग साडेतीनशे डिग्रीचं पाणी वाहतं आणि आतल्या बाजूला तांबं-लोह-गंधकाचं चाल्कोपायराइट जमतं, बाहेरच्या थंड बाजूला लोह-गंधकाचं पायराइट, जस्ताचं स्फॅलेराइट असं. आणि झरा थंड झाला की ती पांढरी भिंत हळूहळू परत समुद्रात विरघळून जाते, सल्फाइड तेवढं उरतं.

मुलांचा यावर विश्वासच बसत नव्हता. गरम केलं की जास्त विरघळतं, हे डोक्यात पक्कं बसलंय, साखर, मीठ, सोरा सगळीकडे तेच बघितलेलं. म्हणून पुढचा प्रयोग.

२ जुलै

चुन्याची निवळी. खायचा चुना पाण्यात कालवला, रात्रभर ठेवला, सकाळी वरचं नितळ पाणी फिल्टर पेपरमधून गाळून घेतलं. एकदम काचेसारखं स्वच्छ. तोंडाला झाकण लावून वॉटर बाथमध्ये तापवत नेलं आणि काळा कागद मागे धरला. पाणी चांगलं कढत झालं तशी आधी भिंतीवर आणि मग मधोमध पांढरी धूसर झाक आली, टॉर्च मारला की स्पष्ट दिसते. २० अंशांना लिटरभर पाण्यात विरलेला चुना साधारण १.७ ग्रॅम विरघळतो, उकळीच्या जवळ जेमतेम ०.७ ग्रॅम. बाकीचा कुठे जाणार, बाहेरच येणार.

झाकण विसरायचं नाही, नाहीतर हवेतल्या कार्बन डायॉक्साइडने निवळी तशीही पांढरी होते आणि मग कोणी विचारलं तर उत्तर देता येत नाही. दहावीतल्या एकाने स्वतःहून सुचवलं की गार केल्यावर परत स्वच्छ होते का ते पण दाखवू, म्हणजे कार्बोनेट नाही हे सिद्ध होईल. फार बरं वाटलं. तसं करून बघितलं, बर्फात ठेवून हलवत राहिलं की बराचसा धूसरपणा जातो, वेळ लागतो पण जातो.

९ जुलै

दोन दिवस पावसाने कॉलेज बंद. गोदावरीला पाणी वाढलंय, दुतोंड्या मारुतीचे पाय बुडालेत म्हणे, सगळं पाणी तांबडं गढूळ. मी घरी बसून मुलांसाठी मॅग्नेशियमची नोंद लिहिली, ती इथे पण डकवते कारण प्रकल्पाचा कणा हाच आहे.

ते तांबडं दिसतं ते गाळ आहे, तळाला बसतो. पण पाऊस त्र्यंबकच्या डोंगरावर पडतो, जमिनीतून मुरतो, बेसॉल्टमधलं थोडं थोडं मॅग्नेशियम, कॅल्शियम, सिलिका विरघळवून घेतो, ते डोळ्यांना दिसत नाही आणि तळाला बसत पण नाही. १४६५ किलोमीटर वाहून ते बंगालच्या उपसागरात जातं. जगातल्या सगळ्या नद्या हेच करतायत, कोट्यवधी वर्षं. मग समुद्रात मॅग्नेशियम साठत का गेलं नाही? आज किलोभर समुद्राच्या पाण्यात साधारण १.३ ग्रॅम आहे, आणि नद्या आणतात त्या हिशोबाने एवढं जमायला सव्वा-दीड कोटी वर्षं पुरेत. समुद्र त्याहून कितीतरी म्हातारा. म्हणजे कुठेतरी ते बाहेर काढलं जात असणार, आणि हे नेमकं कुठे हा बरीच वर्षं न सुटलेला हिशोब होता.

१९७५ मध्ये बिशॉफ आणि डिक्सन या दोन शास्त्रज्ञांनी समुद्राचं पाणी आणि बेसॉल्टची पूड २०० अंश आणि ५०० बार (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण) दाबाखाली एकत्र ठेवली. पाण्यातलं मॅग्नेशियम दगडात गेलं आणि पाणी आम्ल झालं. तेव्हा समुद्रतळावरचा एकही गरम झरा कोणी डोळ्यांनी बघितला नव्हता! १९७७ मध्ये अल्विन पाणबुडी गॅलापागोसजवळ उतरली तेव्हा कोमट झरे सापडले, आणि १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या डोंगररांगेवर २१ अंश उत्तरेला खरी काळी धुराडी, जिथे तापमान मोजायला गेलेल्या दांडीचा प्लास्टिकचा भाग वितळला. वर आणलेल्या पाण्याचं पृथक्करण केलं तर शुद्ध झऱ्याच्या पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ शून्य.

कसं होतं ते : थंड समुद्राचं पाणी भेगांमधून खाली मुरतं, तापतं, मॅग्नेशियम दगडात मातीच्या जातीच्या खनिजांमध्ये जाऊन बसतं, बसताना पाण्यातलं हायड्रॉक्साइड बरोबर घेतं आणि हायड्रोजन आयन मागे सोडतं. समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास, झऱ्याचा ३-४. आता हे गरम आम्ल दगडातून लोह, मँगनीज, तांबं, जस्त ओरबाडून घेतं, सल्फेटचा काही भाग लोहामुळे हायड्रोजन सल्फाइड होतो. हे सगळं मिश्रण वर येऊन २ अंशांच्या पाण्यात घुसलं की क्षणात धातूंचे सल्फाइड, तोच काळा धूर. धूर नाहीच तो, कण आहेत बारीक.

सगळं मॅग्नेशियम काळी धुराडीच काढतात असं मात्र लिहायचं नाही. डोंगररांगेपासून लांब, कमी तापमानाला मुरणाऱ्या पाण्यातूनही बरंच काम होतं, शिवाय डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या कार्बोनेटचा दगड, आहेच.

१४ जुलै

समुद्राचं पाणी आलं, अलिबागहून, एका विद्यार्थिनीच्या मामांनी कॅन भरून पाठवलं. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी पातळ झालेलं असतं, नद्यांचं गोडं पाणी मिसळतं, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी येणार हे आधीच सांगून ठेवलं.

टायट्रेशन ईडीटीएने, हे रसायन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून ठेवतं, किती लागलं त्यावरून ते किती आहेत ते कळतं. दहा पट पातळ करून घेतलं, नाहीतर ब्युरेट संपतं. अमोनिया बफर घालून पीएच १०, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून शेवट दाखवणारं सूचक), रंग जांभळट लाल. ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत गेलं की शेवटी एक क्षण येतो जिथे लाल आणि निळ्याच्या मधला मळकट रंग टिकतो, आणि पुढचा एकच थेंब, फ्लास्क फिरवला की स्वच्छ निळा. हा थेंब पकडायला शिकवणं हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे, इतकी वर्षं शिकवून पण. घाई करणारी पोरं पुढे जातात, घाबरणारी अलीकडेच थांबतात, आणि ज्यांना जमतं त्यांच्या चेहऱ्यावर कळतं.

हे झालं कॅल्शियम अधिक मॅग्नेशियम. एकटं कॅल्शियम मोजायला सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या वर न्यायचा, मॅग्नेशियम पांढऱ्या जेलीसारखं हायड्रॉक्साइड होऊन बाजूला पडतं आणि मग मोजलं जातं ते फक्त कॅल्शियम. वजाबाकी केली की मॅग्नेशियम. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी, एकाच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी आणि समुद्राचं पाणी असे तीन फ्लास्क शेजारी ठेवायचे प्रदर्शनात. अल्कली घातल्यावर समुद्राच्या फ्लास्कमध्ये पांढरं दाट होतं, नळाच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. यासाठी आकडा पण लागत नाही, लांबून कळतं.

१९ जुलै

ती पांढरी जेली बघून मुलांना लॉस्ट सिटी सांगायची संधी मिळाली. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिकच्या मधल्या डोंगररांगेच्या बाजूला अटलांटिस मॅसिफ या समुद्राखालच्या डोंगरावर सापडलेलं हे ठिकाण. इथे सगळं उलटं. पाणी आम्ल नाही तर अल्कली, पीएच ९ ते ११, तापमान ४० ते ९० अंश, धुराडी पांढरी आणि उंची ६० मीटरपर्यंत. कारण इथला दगड बेसॉल्ट नाही, त्याच्याही खालचा पेरिडोटाइट, ऑलिव्हिन या लोह-मॅग्नेशियमच्या हिरवट खनिजाने भरलेला. ऑलिव्हिनला पाणी लागलं की त्याचं सर्पेंटाइन हे दुसरं खनिज होतं, लोहाचं मॅग्नेटाइट होतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. अल्कली पाणी समुद्रात आलं की समुद्राचं मॅग्नेशियम ब्रुसाइट म्हणून पडतं, म्हणजे आपल्या फ्लास्कमधली तीच जेली, आणि कॅल्शियम कार्बोनेट. जुन्या धुराड्यातलं ब्रुसाइट पुढे विरघळून जातं, कॅल्साइट राहतं.

मग लगेच दुसरी टाकी लावली : टाकीत मॅग्नेशियम सल्फेटचं द्रावण, खालून सोडियम हायड्रॉक्साइड हळू. पांढरा लवचिक खांब उभा राहतो, हात लागला टाकीला की हलतो. हिराकसाच्या टाकीपेक्षा ही मला जास्त खरी वाटते, कारण इथे रसायन तेच आहे जे समुद्रात आहे.

२७ जुलै

सिन्नरच्या गारगोटी म्युझियमला जाऊन आलो, बसने. जगभरातून लोक जे बघायला येतात ते आमच्या अर्ध्या पोरांनी बघितलं नव्हतं. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये वाढलेले खनिजांचे स्फटिक : स्टिलबाइट, ह्यूलॅंडाइट, अॅपोफिलाइट, स्कोलेसाइटच्या सुया. हे सगळं गरम पाणी दगडातून फिरल्यामुळेच झालेलं, दगडातलं कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम, सिलिका विरघळवायचं आणि थंड होताना पोकळीत सोडायचं.

सिन्नरच्याच एका मुलाच्या काकांकडे विहीर खोदताना निघालेला तुकडा होता, तो त्याने प्रकल्पासाठी आणलाय. भिंगाखाली ठेवला. काळ्या दगडात मुठीएवढी पोकळी, कडेला हिरवट पापुद्रा, तो आधी आलेला, क्ले खनिज, लोह-मॅग्नेशियमवालं. त्याच्यावर पारदर्शक बारीक कण, आणि सगळ्यात वर फिकट गुलाबी-नारिंगी स्टिलबाइट, मधे आवळलेल्या पेंढीसारखे पसरलेले. कुठला थर आधी, कुठला नंतर, ते बोट ठेवून वाचता येतं. मॅग्नेशियम आधी हिरव्या थरात जाऊन बसलं, समुद्राखाली पण ते असंच मातीच्या खनिजात जाऊन बसतं, फक्त तिथे ते समुद्राच्या पाण्यातून येतं. हा तुकडा प्रदर्शनात पहिल्या टेबलवर.

३ ऑगस्ट

नववीच्या गटाने प्राण्यांचा भाग घेतलाय. हिंदी महासागरातली ती गोगलगाय हवीच, क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम, २००१ मध्ये कैरेई झऱ्यांवर मिळालेली, पायावरच्या खवल्यांवर लोह सल्फाइडचा थर, पायराइट आणि ग्रेगाइट. ग्रेगाइटमुळे खवले चुंबकाला ओढले जातात. सॉलिटेअर नावाच्या दुसऱ्या ठिकाणी तीच जात पांढरी आहे, खवल्यांवर लोह नाही. २०१९ मध्ये तिला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं ते समुद्रतळाच्या खाणकामाच्या भीतीने. भारताकडेसुद्धा याच महासागरात सल्फाइडचे साठे शोधण्याचा करार आहे, २०१६ पासून, १०,००० चौरस किलोमीटर. मुलांनी दोन्ही गोष्टी एकाच पोस्टरवर शेजारी लिहिल्यात आणि मला तेच योग्य वाटतं. झरा चालू असेपर्यंत त्याला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्यांना सांगितलं पण पोस्टरवर लिहायला लावलं नाही.

खोल पाण्यातल्या माशांच्या पेशीत ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड असतं, दाबाने प्रथिनं वेडीवाकडी होऊ नयेत म्हणून, आणि खोली वाढते तसं त्याचं प्रमाण वाढतं. साधारण ८२०० ते ८४०० मीटरला ते एवढं होतं की त्याहून वाढलं तर बाहेरचं पाणी शरीरात शिरायला लागेल. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८३३६ मीटरवर मासा चित्रित झाला, तोही बरोबर याच टप्प्यात. मेल्यावर याचंच ट्रायमिथाइल अमाइन होतं. सुक्या बोंबलाच्या वासात तेच असतं, पुडी उघडून ठेवा टेबलवर, असं एकाने सुचवलं. शेजारच्या गटाची परवानगी घ्या म्हटलं.

१० ऑगस्ट

मुलांना बिशॉफ-डिक्सनचा प्रयोग करायचाय. कुकरमध्ये. साफ नाही म्हणून सांगितलं, खारं पाणी आणि अॅल्युमिनियम आणि व्हॉल्व्हमध्ये दगडाची पूड, नको. तडजोड अशी की क्रशरवरची बेसॉल्टची बारीक पूड धुवून, वाळवून, समुद्राच्या पाण्याबरोबर झाकणाच्या काचेच्या बाटल्यांमध्ये ९० अंशांच्या ओव्हनमध्ये. सोबत नुसत्या समुद्राच्या पाण्याची बाटली, पूड न घालता, तुलनेला. २०० अंश आणि ९० अंशात फार फरक आहे, वेग खूप कमी असणार, प्रदर्शनापर्यंत काही दिसेल अशी खात्री नाही. पण पीएच आणि मॅग्नेशियम दर आठवड्याला मोजायचं, दिसलं तर दिसलं, नाही दिसलं तर "९० अंशांना एवढ्या दिवसांत मोजण्याइतका फरक पडला नाही" हे पण पाटीवर जाईल.

१७ ऑगस्ट

पहिलं रीडिंग. दोन्ही बाटल्यांचं मॅग्नेशियम टायट्रेशनच्या चुकीच्या मर्यादेत सारखंच. पीएच दोन्हीत थोडा उतरलाय, त्यामुळे तो पुडीमुळे म्हणता येत नाही. पुडीच्या बाटलीत पाणी ढवळलं गेलं की गाळायला फार वेळ लागतो, पुढच्या वेळी आधी रात्रभर निवळू द्यायचं.

२४ ऑगस्ट

टेबलांची मांडणी ठरली : सिन्नरचा तुकडा, मग निवळी, मग दोन टाक्या, मग तीन फ्लास्क, शेवटी ओव्हनच्या बाटल्या आणि त्यांचा तक्ता. निवळी रोज सकाळी ताजी. सोडियम हायड्रॉक्साइडची सिरिंज फक्त अकरावीवाले हाताळतील. मोरचुदाचं वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, कॅनमध्ये साठवायचं, चुना घालून तांबं खाली बसवायचं आणि मग मामांना सांगून पुढे. ईडीटीए संपत आलंय, नवीन करून प्रमाणित करायचं, ते उद्या मी करते. बाटल्या प्रदर्शनानंतरही ओव्हनमध्येच राहतील, दिवाळीपर्यंत रीडिंग चालू ठेवायला दहावीतले दोघं तयार आहेत.